ही वस्तू येथे आली कशी?

[संग्रहालयाचे भांडार. खण उघडतो.]

खण उघडणारे हे हात इतिहासात एम. ए. केलेल्या एका साहाय्यक अभिरक्षकांचे (क्युरेटरांचे) आहेत. नाणे उचलण्यापूर्वी त्या हातमोजे घालतात, कारण बोटांवरच्या घामातील क्षारांनी धातू गंजतो. शेजारची जुनी पत्रे पाहताना मात्र त्या हातमोजे उतरवून स्वच्छ, कोरड्या हातांनीच पान उलटतात, कारण हातमोज्यांतून कागदाची कड नीट जाणवत नाही आणि पान फाटू शकते. हे कसब इतिहासाच्या वर्गात शिकवले जात नाही आणि नाजूक कागदावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) अधिक प्रकाश पडू देऊ नये, हेही तेथे कोणी सांगत नाही. त्यासाठी संग्रहालयशास्त्राची पदविका किंवा एखाद्या संग्रहालयात उमेदवारी करावी लागते. इतिहासाची पदवी कामाला येते ती पुढच्या टेबलावर.

[चित्र पालथे केले जाते.]

चौकटीच्या मागच्या बाजूस लिलावगृहाची चिठ्ठी आहे, कुठल्याशा प्रदर्शनाचा अर्धवट शिक्का आहे, आणि विजेरी अगदी आडवी धरली की चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून खोडलेल्या क्रमांकाचा दाबही दिसू लागतो. दाखल नोंदवहीत या चित्रासमोर एवढेच लिहिलेले आहे: ‘भेट, जुन्या संग्रहातून’. कोणाचा संग्रह, केव्हाची भेट आणि देणाऱ्याला ती देण्याचा अधिकार होता काय, याविषयी नोंदवही काहीच सांगत नाही.

अशा ओळीपाशी थांबण्याची सवय ही इतिहासाच्या शिक्षणाची देणगी आहे. एखादे साधन हाती आले की ते कोणी, केव्हा आणि कोणासाठी तयार केले, हे तपासणारे बाह्य परीक्षण आणि त्यातील मजकूर त्या काळाशी जुळतो काय, हे पाहणारे अंतर्गत परीक्षण प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहिताना शेकडो वेळा करावे लागते. इटालियन विद्वान लोरेन्झो वाल्ला यांनी १४४० मध्ये चौथ्या शतकातील रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या नावावर चालणारे, पोपला सत्ता बहाल करणारे दानपत्र बनावट ठरवले, ते त्यातील शब्दांवर बोट ठेवूनच; रोमच्या अधिकाऱ्यांना ‘सत्रप’ हे इराणी पदनाम लावलेले पाहून त्यांनी लेखकाची चूक पकडली. नोंदवहीवर वाकलेल्या या बाई तेच काम करीत आहेत. त्या हस्ताक्षरावरून नोंद करणारा कारकून ओळखतात, शाईचा रंग बदलला तेथे खूण करतात, लिलावाच्या छापील याद्या, मृत्युपत्रे आणि पत्रव्यवहार शेजारी ठेवून मालकीची साखळी एकेका दुव्याने जुळवतात, आणि दुवा सापडला नाही तर ती जागा कोरी ठेवतात. माझ्या मते ही कोरी जागा सोडण्याचे धैर्य या पेशात सर्वांत मोलाचे आहे.

युरोपात फिरलेल्या चित्राच्या साखळीत १९३३ ते १९४५ ही वर्षे कोरी असली, तर ते नाझींनी लुटलेले असण्याची शक्यता तपासावीच लागते. नाझींनी लुटलेल्या कलाकृतींविषयी अनेक देशांनी मान्य केलेल्या १९९८ च्या वॉशिंग्टन तत्त्वांनंतर अशा शोधाला आंतरराष्ट्रीय पाठबळ मिळाले आणि अनेक चित्रे वारसांकडे परत गेली.

[निवेदन थांबते. चित्राची पुढची बाजू, स्त्रीचा चेहरा.]

[माहितीफलकाचा कच्चा मसुदा. लाल पेन्सिल.]

शंभर पानांच्या प्रबंधाची सवय असलेल्या माणसाला येथे साठ-सत्तर शब्दांत, उभ्याने वाचणाऱ्यासाठी लिहावे लागते, आणि हे पदवीत क्वचितच शिकवले जाते. तरीही ही परंपरा फार जुनी आहे. प्राचीन मेसोपोटेमियातील उर या शहराच्या अवशेषांत पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांना सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची राजकन्या एन्निगाल्दी-नन्ना हिच्या वास्तूत निरनिराळ्या शतकांतील वस्तू एकत्र सापडल्या आणि त्यांच्यासोबत एका जुन्या विटेवरील लेखाची नक्कल कोरलेला मातीचा दंडगोलही मिळाला. अनेक जण त्याला सर्वांत जुना माहितीफलक मानतात.

संग्रहालयांत कायमची पदे थोडी असतात आणि अर्जदार पुष्कळ, हेही येथे नोंदवले पाहिजे.

लाल पेन्सिल आता मसुद्यातील विशेषणे एकामागून एक खोडत चालली आहे. चित्रकाराचे नाव, माध्यम आणि मोजमाप राहते. त्यांच्याखाली बाई स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवतात: ‘या चित्राच्या पूर्वीच्या मालकांचा शोध सुरू आहे.’