पाच रुपयांचं धुणं

श्रोतेहो, नमस्कार.

मी मुलुंडला राहते. बँकेतून निवृत्त झाले आणि निवृत्त माणसाला सोसायटीत जे पद हमखास मिळतं, ते मलाही मिळालं. खजिनदार. तेव्हापासून माझ्या टेबलावर विजेची दोन बिलं येतात, एक घरचं आणि एक सोसायटीचं, म्हणजे पंप, लिफ्ट आणि जिन्यातल्या दिव्यांचं. आज या दोन बिलांबद्दलच बोलणार आहे.

आमच्याकडे नवे स्मार्ट मीटर बसले आणि चार दिवसांत व्हॉट्सॲपवर फर्मान फिरलं. सकाळी 9 ते संध्याकाळी 5 वीज स्वस्त, म्हणून सगळी कामं दिवसा उरका. आमचे हे उत्साही. त्यांनी फ्रिजच्या दारावर वेळापत्रकच चिकटवलं. धुणं अकराला, घरघंटी बाराला, इस्त्री तीनला. सूनबाई नोकरीला, मुलगा नोकरीला. म्हणजे हे वेळापत्रक कुणासाठी होतं, ते सांगायला नकोच.

मी चाळीस वर्षं व्याजाचे हिशेब केलेत. म्हटलं, आधी आकडा मांडू, मग घर हलवू.

पण त्याआधी ही भानगड आली कुठून ते थोडक्यात सांगते. जून 2023 मध्ये केंद्र सरकारने वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. शेती सोडून बाकीच्या ग्राहकांना 1 एप्रिल 2025 पर्यंत वेळेनुसार दर लावावेत, आणि स्मार्ट मीटर बसला की तो दर लागू व्हावा, असं त्यात आहे. ऊन असतं त्या तासांत दर नेहमीपेक्षा किमान 20 टक्के कमी, आणि मागणीच्या गर्दीत घरगुती ग्राहकाला किमान 10 टक्के जास्त, ही त्या नियमांची चौकट. प्रत्यक्ष आकडे महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो, आणि चौकट नि चित्र तंतोतंत जुळतंच असं नाही. मुलुंड-भांडुपला वीज महावितरणची. शीव-माहीमच्या पलीकडे जुन्या मुंबईत बेस्टची, उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानींची, आणि टाटांचे ग्राहक दोन्हीकडे. त्यामुळे दादरच्या बहिणीच्या बिलावरून आपला हिशेब करू नका. महावितरणने जुलै 2025 पासून अशा मीटरच्या घरगुती ग्राहकांना 9 ते 5 मधल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांची सवलत जाहीर केली होती. आज हिशेबाला मी तोच आकडा धरते. तुमच्या बिलावर वेगळा असेल तर तो घ्या, गुणाकार तोच राहतो.

दिवसाच स्वस्त का? मुंबईत वीज पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर आली ती सह्याद्रीतून. खोपोलीचं जलविद्युत केंद्र 1915 सालचं, मग भिवपुरी 1922 आणि भिरा 1927. गिरण्या त्या पाण्यावर फिरल्या. धरणातल्या पाण्याचा गुण असा की ते थांबतं. हवं तेव्हा सोडा, हवं तेव्हा वीज. उन्हाचं, म्हणजे सौर विजेचं, तसं नाही. दुपारी भरभरून येतं आणि संध्याकाळी सहा-सातला, नेमकं आपण लोकलमधून उतरून घरी येतो, पंखे, दिवे, टीव्ही, एसी सगळं एकदम लावतो, तेव्हा ते गेलेलं असतं. ती खोट कोळशाच्या नाहीतर बाहेरून घेतलेल्या महाग विजेने भरून काढावी लागते. त्यात मुंबईला बाहेरची वीज आत आणण्याच्या वाटा मोजक्या. 12 ऑक्टोबर 2020 चा सोमवार आठवतोय? सकाळी दहाच्या सुमाराला सगळं शहर बंद पडलं, लोकल होत्या तिथे उभ्या राहिल्या. तर मुद्दा हा, की संध्याकाळची मागणी थोडी दुपारकडे सरकली तर सगळ्यांचंच भलं आहे. याबद्दल माझी तक्रार नाही.

आता हिशेब.

आमचं वॉशिंग मशीन समोरून दार उघडणारं. गार पाण्यात एका धुण्याला साधारण 0.3 युनिट घेतं. महिन्याला वीस धुणी, म्हणजे 6 युनिटं. गुणिले 80 पैसे. चार रुपये ऐंशी पैसे. श्रोतेहो, महिनाभर धुण्याची वेळ बदलून पाच रुपये! मुलुंड स्टेशनबाहेर त्यात वडापाव सोडाच, पावाबरोबरची मिरचीसुद्धा येणार नाही. आणि पावसाळ्यात दुपारी तीनला धुतलेले कपडे रात्री ओलेच. दुसऱ्या दिवशी त्यांना तो कुबट वास, मग पुन्हा धुवा. धुणं सकाळी साडेनवाला लावलं तर सवलतही मिळते आणि कपडे वाळायला दिवसही मिळतो. जमत असेल तर तेवढं करा, नाही जमलं तर जीव काढू नका. हां, मशीन गरम पाण्यावर लावत असाल तर एका धुण्याला युनिटभर सहज जातं. तिथे बटण गार पाण्यावर फिरवणं हे वेळ बदलण्यापेक्षा कितीतरी फायद्याचं.

गिझर 2000 वॅटचा. अर्धा तास चालला की एक युनिट. महिन्याला 30 युनिटं, सवलत 24 रुपये. पण ती मिळवायला सकाळी सहाची आंघोळ नऊनंतर करावी लागेल. आठ सतराची लोकल पकडणाऱ्या माणसाला हे सांगून बघा.

इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर मात्र जरा लक्ष द्या. आपण आठला घरी येतो आणि सवयीने लगेच प्लग लावतो, म्हणजे ऐन गर्दीत. टायमर लावून रात्री बारानंतर, किंवा सुट्टीच्या दिवशी दुपारी चार्ज केली तर काहीच अडत नाही. हे काम खरोखर सरकवण्यासारखं आहे.

मग बिल मोठं का येतं? याचं उत्तर मला त्याच नव्या मीटरने दिलं, पण सवलतीच्या रकान्यात नाही. हा मीटर तासातासाचा वापर नोंदवतो आणि तो आलेख मोबाइलवर बघता येतो. आम्ही चार दिवस रत्नागिरीला लग्नाला गेलो होतो. परत आल्यावर सहज बघितलं, तर घरात चिटपाखरू नसताना दर तासाला 0.1 युनिट जातच होतं. रात्री तीनलाही आणि दुपारी तीनलाही. दिसायला काहीच नाही. पण महिन्याचे तास 720, म्हणजे 72 युनिटं झाली. सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये मोजले तर सव्वासातशे रुपये, कुणी काही न वापरता!

मग घरात शोधमोहीम निघाली. पहिला चोर आमचा पंधरा वर्षांचा फ्रिज. दाराचं रबर सैल झालेलं. दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा, अलगद निघाला तर थंड हवाही तशीच निघतेय असं समजा. फ्रिजवाल्याने रबर बदलून दिलं. दुसरे चोर दोन सेट-टॉप बॉक्स. रिमोटने टीव्ही बंद होतो, बॉक्स आत जागाच असतो. नातवाचा कॉम्प्युटर, जुना म्युझिक सिस्टीम, सगळे लाल दिवे लावून बसलेले. यांच्यासाठी भिंतीवरचं बटण वापरायची सवय आम्ही लावून घेतली. पूर्ण लागली असं म्हणणार नाही.

पंख्यांचं तर मला माहीतच नव्हतं. साधा जुना छताचा पंखा 75 वॅटच्या आसपास खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस मोटरचा पंखा 30 च्या. मुंबईत पंखा दिवसाला पंधरा तास तरी फिरतो. एका पंख्यामागे महिन्याला 20 युनिटं वाचतात. असा पंखा तीन हजारांच्या आसपास मिळतो, म्हणजे सव्वा-दीड वर्षात पैसे वसूल. आम्ही आधी हॉलचा बदलला, कारण तो कधीच बंद नसतो.

आणि एसी. मे महिन्यात रात्री आठ तास, तासाला एक युनिट धरलं तर महिन्याला 240 युनिटं. झोप दुपारी सरकवता येत नाही, तेव्हा सवलत विसरा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं सांगणं आहे की तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते. 24 ऐवजी 26 वर ठेवून वर पंखा लावला, तर जवळपास 29 युनिटं वाचतात, म्हणजे तीनशे रुपयांच्या घरात. पाच रुपयांचं धुणं आठवा. आमची झोपायची खोली पश्चिमेची, भिंत दुपारनंतर तापते. खिडकीला बाहेरून चटई लावली, त्याचाही उपयोग झाला.

इथे एक गैरसमज काढून टाकते. कितीतरी जणांना वाटतं की 300 युनिटं ओलांडली की पूर्ण बिलालाच वरचा दर लागतो. तसं नाही. आपल्याकडे 100 पर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यावर, असे टप्पे आहेत, आणि वरचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांनाच लागतो. म्हणून वाचवलेलं युनिट नेहमी तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं, आणि त्यावरचं 16 टक्के वीज शुल्कही वाचतं. सरकवलेल्या युनिटावर फक्त सवलत मिळते, युनिटाचे पैसे द्यावेच लागतात.

आता दुसरं बिल, सोसायटीचं. इथे मात्र घड्याळाला खरंच अर्थ आहे. महापालिकेचं पाणी येतं ते त्यांच्या वेळेला, पण ते पडतं खालच्या टाकीत. तिथून गच्चीवर कधी चढवायचं हे आपल्या हातात. तिकडे भिऱ्याला टाटांचा 150 मेगावॅटचा एक संच आहे, तो जास्तीची वीज असते तेव्हा खालचं पाणी उलटं वर चढवतो आणि नड असते तेव्हा ते सोडून वीज करतो. आपली गच्चीवरची टाकी वीज करत नाही, पण काम त्याच जातीचं आहे. दुपारी भरून ठेवा, संध्याकाळी वापरा. त्यासाठी कुणाला आंघोळीची वेळ बदलावी लागत नाही.

आमचा पंप पाच हॉर्सपॉवरचा, तासाला 4 युनिटांच्या आसपास घेतो. सकाळी सहाला दोन तास, संध्याकाळी सातला दोन तास, अशी वर्षानुवर्षांची पद्धत. महिन्याला 480 युनिटं. सगळी दिवसात आणली तर 384 रुपये सुटतात. अठ्ठावीस घरांत वाटले तर घरटी चौदा रुपये. मी हा आकडा सभेत सांगितला, तेव्हा लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर बँकेत मुदतठेवीचं व्याज कमी झाल्याचं सांगताना मी बघितलेली आहे.

पण आलेख पुन्हा कामाला आला. संध्याकाळचा दुसरा तास मला खटकत होता. एके दिवशी गच्चीवर जाऊन उभीच राहिले. आठ वाजता टाकी काठोकाठ भरली आणि पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून मागच्या गटारात जायला लागलं. खाली आठला वॉचमनची पाळी बदलते. जाणारा समजतो येणारा बंद करेल, येणाऱ्याला वाटतं पंप आत्ताच लावलाय. नऊपर्यंत पंप चालू. रोज एक तास, 4 युनिटं, महिन्याला 120. बाराशे रुपये, आणि पाणी गेलं ते वेगळंच. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा कंट्रोलर बसवला. वॉचमनना कुणी काही बोलायचं नाही, असं मी आधीच बजावून ठेवलं होतं, कारण इतकी वर्षं आमच्यापैकी एकही जण गच्चीवर गेला नव्हता.

तुमच्या सोसायटीत हे बघायचं असेल तर खजिनदाराकडून मागच्या महिन्याचा तासांचा आलेख मागा. पंप चालतो तिथे उंच खांब दिसतात. त्यांची रुंदी बघा, आणि ज्या दिवशी इमारतीत निम्मी घरं गावाला गेलेली असतात, म्हणजे गणपतीत किंवा मेच्या सुट्टीत, तेव्हाही ते खांब तेवढेच रुंद आहेत का बघा. असतील तर गच्चीवर जा.

आता आमचा पंप दिवसा चालतो. पहिल्या आठवड्यात एक ते तीन चालवला, तर चौथ्या मजल्यावरच्या आजी थेट माझ्या दारात. म्हणाल्या, तुझ्या चौदा रुपयांसाठी माझी वामकुक्षी घालवलीस. हे आत बसून हसत होते, फ्रिजवरचं त्यांचं वेळापत्रक एव्हाना कधीच निघालं होतं. मी पंपाची वेळ सकाळी नऊ ते अकरा आणि दुपारी चार ते पाच अशी केली. मधल्या वेळात चुकून पंप सुरू झालाच, तर आजी वरूनच हाक मारतात. कंट्रोलरपेक्षा लवकर कळतं.

नमस्कार.