मॅकबेथची भीती

मित्रहो, शेक्सपिअरच्या मॅकबेथचा विषय निघाला की आपण लगेच महत्त्वाकांक्षेपाशी येतो आणि तिथेच थांबतो. पण नाटक नीट वाचलं की एक गोष्ट खटकते. या माणसाला राजमुकुट कशासाठी हवा आहे, हे तो एकदाही सांगत नाही. राजा झाल्यावर काय करीन, कोणाला काय देईन, कोणता मुलूख जिंकीन, यातलं एक वाक्य त्याच्या तोंडी नाही. सिंहासनाच्या सुखाचं चित्र त्याला रंगवताच येत नाही. त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो राजाचा खून.

पहिल्या अंकातच पाहा. चेटकिणी त्याला तीन नावांनी हाक मारतात: ग्लॅमिसचा सरदार, कॉडरचा सरदार आणि पुढे होणारा राजा. पाठोपाठ निरोप येतो की डंकन राजाने कॉडरची सरदारकी तुला दिली. दुसरा कोणी असता तर हरखून गेला असता. मॅकबेथच्या अंगावर काटा येतो, केस उभे राहतात, काळीज बरगड्यांवर धडका मारू लागतं. चेटकिणींनी खुनाबद्दल चकार शब्द काढलेला नाही. तो विचार त्याच्या मनात आपणहून आला आणि येताना भीतीला सोबत घेऊनच आला.

बरं, हा माणूस भित्रा म्हणावा तर तसंही नाही. तो रंगमंचावर येण्याआधीच एक जखमी शिपाई सांगून गेलेला असतो की बंडखोर मॅक्डॉनवाल्डला याने बेंबीपासून जबड्यापर्यंत उभा चिरला आणि त्याचं मुंडकं तटावर लावलं. त्या रक्ताने त्याची झोप उडालेली नाही. रक्त सांडण्याचं भय त्याला नाहीच. जी गोष्ट करायची नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, तीच आपण करणार आहोत, हे त्याला आधीच स्वच्छ दिसतं. त्याचं भय आहे ते या दिसण्याचं. म्हणून मी म्हणेन की त्याची भीती हाच त्याचा विवेक आहे. दोन्ही वेगळे काढताच येत नाहीत.

डंकन घरी पाहुणा म्हणून आलेला असतो. आत पंगत चालू असताना मॅकबेथ एकटाच उठून बाहेर येतो आणि स्वतःशी वाद घालतो. मी त्याचा नातलग, त्याचा प्रजाजन, आणि आज त्याचा यजमान. मारेकऱ्याला दार बंद करायचं काम माझं, सुरी मीच कशी उचलू? शिवाय डंकन सौम्य, सत्तेचा माज नसलेला राजा. खुनाच्या बाजूने मांडायला शेवटी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे महत्त्वाकांक्षा, आणि तीही उडी मारताना आपलाच तोल घालवून पलीकडे पडणारी. इतकं शुद्धीवर राहून, स्वतःविरुद्ध निकाल देऊन, नंतर तोच गुन्हा करणारा दुसरा नायक मला तरी माहीत नाही. बायको येते, त्याच्या पुरुषार्थाला डिवचते, झोपलेल्या पहारेकऱ्यांवर आळ घालायची युक्ती सांगते, आणि तो तयार होतो. वादात हरला म्हणून नव्हे. तिच्या नजरेतून उतरण्याचं भय दुसऱ्या भयापेक्षा मोठं ठरलं म्हणून.

इथे जरा इतिहासात डोकावू. खरा मॅकबेथ १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षं स्कॉटलंडचा राजा होता, आणि डंकन झोपेत नव्हे, लढाईत मारला गेला. शेक्सपिअरने कथा घेतली ती हॉलिनशेड या इंग्रज इतिहासकाराच्या बखरीतून. त्या बखरीत मॅकबेथ पहिली दहा वर्षं न्यायाने राज्य करतो, आणि डंकनच्या हत्येत त्याचा साथीदार सेनानी बँकोही सामील असतो. नाटक लिहिलं गेलं साधारण १६०६ च्या सुमारास. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर असलेला राजा जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानत असे, त्यामुळे बँको निर्दोष झाला यात नवल नाही. पण ती दहा वर्षं गाळण्यात मला नाटककाराची खरी नजर दिसते. बखरीतल्या मॅकबेथला सवड मिळते. नाटकातल्या मॅकबेथला एक रात्रही धड मिळत नाही.

खुनाची रात्र आठवा. खून आपल्याला दिसत नाही. दिसतो तो खोलीतून परतलेला मॅकबेथ. त्याच्या हातांना रक्त लागलंय, आणि तो बोलतोय ते भलतंच. वाटेत दोन माणसं झोपेतून दचकून जागी झाली. त्यांनी देवाचं नाव घेतलं, 'देव आपलं भलं करो' म्हणाली, आणि त्यावर मला 'आमेन' म्हणता आलं नाही, शब्द घशात अडकला, असं तो पुन्हा पुन्हा सांगतो. का अडकला, असं बायकोलाच विचारतो. आशीर्वादाची सर्वांत जास्त गरज तर मलाच होती, म्हणतो. राजाला मारून आलेल्या माणसाला या घटकेला एका शब्दाचं दुःख होतंय. माझ्या मते या क्षणी तो सर्वांत जिवंत आहे. बायको बजावते की असा विचार करत बसलो तर वेड लागेल. थोडं पाणी घेतलं की हात स्वच्छ होतील, असंही तीच म्हणते.

आता मेजवानीचा प्रसंग. मॅकबेथने मारेकऱ्यांकरवी मारलेल्या बँकोचं भूत येऊन त्याच्याच जागेवर बसतं, ते त्याच्याखेरीज कोणाला दिसत नाही, दरबार उधळतो. हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला मात्र पाहुणे गेल्यानंतरची शांत बोलणी जास्त भयंकर वाटतात. बायको म्हणते, तुम्हाला झोप हवी आहे. तो म्हणतो, ही भीती नवशिक्याची आहे. सराव नाही म्हणून असं होतं. या कामात आपण अजून कोवळे आहोत. म्हणजे अपराधाच्या भावनेवर त्याने उपाय शोधला आहे: आणखी अपराध. हात बसला की मन कुरकुरणार नाही.

आणि तो उपाय लागू पडतो. इथून पुढे मनात येईल ते थेट हाताने करायचं, मध्ये विचाराला जागा द्यायची नाही, असं तो ठरवतो. त्याच्या विरोधात गेलेला सरदार मॅकडफ इंग्लंडला निसटला आहे. तरी त्याच्या वाड्यावर मारेकरी जातात, बायको-मुलं कापली जातात. यातून राज्य एका बोटानेही बळकट होत नाही. या हत्येआधी, डंकनच्या वेळी दिसला तसा, हवेत तरंगणारा खंजीर दिसत नाही की नंतर कोणतं भूत येत नाही. पहिल्यांदाच त्याला काहीही दिसलेलं नाही. त्याच्या मनाचा ऱ्हास मी इथून मोजतो. वेड लागणं वेगळं आणि हे निबर होणं वेगळं.

वेड लागतं ते तिला. मेजवानीनंतर नवरा-बायको पुन्हा एकत्र दिसतच नाहीत. पुढे दिसते ती झोपेत चालणारी लेडी मॅकबेथ: हातात मेणबत्ती, डोळे उघडे पण नजर बंद, पाव-पाव तास कोरडे हात चोळणारी. वैद्य आणि दासी आडून ऐकताहेत. त्या बडबडीत एक वाक्य येतं: फाईफच्या सरदाराला बायको होती, ती आता कुठे आहे? हा फाईफचा सरदार म्हणजे मॅकडफ. त्या हत्येचा बेत नवऱ्याने तिच्यापाशी केल्याचं नाटकात कुठे दिसत नाही. तरी त्याचं ओझं तिच्या माथी आलं आहे. त्याने झटकलं, तिने उचललं.

म्हणूनच शेवटच्या अंकात तो वैद्याला विचारतो की आजारी मनावर तुझ्याकडे औषध नाही का, स्मृतीत रुतलेलं दुःख उपटून काढता येत नाही का, तेव्हा प्रश्न तिच्याबद्दल असला तरी आवाज त्याचा स्वतःचा वाटतो. वैद्य म्हणतो, तिथे रोग्यानेच स्वतःचा इलाज करायचा असतो. मॅकबेथ चिडून म्हणतो, मग तुझं औषध कुत्र्यांना घाल.

थोड्या वेळाने आतून बायकांचा आक्रोश ऐकू येतो. एके काळी रात्री किंकाळी ऐकली तर मी गारठून जायचो, भयाची गोष्ट ऐकली तर माझे केस उभे राहायचे, तो म्हणतो. आता भीतीची चवच विसरलो. ते पहिल्या अंकातलेच केस. राणी गेली, हे कळल्यावर त्याच्या तोंडून निघतं ते उद्या, आणि उद्या, आणि उद्या असं सरपटत जाणाऱ्या दिवसांचं भाषण. लोक ते जीवनाचं तत्त्वज्ञान म्हणून उद्धृत करतात, त्याला माझा विरोध आहे. ते एका रोग्याने सांगितलेलं लक्षण आहे. आयुष्याला अर्थ नाही असं त्याला वाटतं, कारण अर्थ जाणवणारी जागा त्याने स्वतःच्या हाताने जाळली आहे.

पण पूर्ण जळलेली नाही. रणांगणावर मॅकडफ समोर येतो तेव्हा मॅकबेथ म्हणतो, सगळ्यांत मी तुलाच टाळत होतो. मागे फीर, तुझ्या माणसांच्या रक्ताने माझा आत्मा आधीच जड झाला आहे. या वेळी स्त्रीच्या पोटी जन्मलेला कोणी आपल्याला मारू शकणार नाही, या चेटकिणींकडे मिळालेल्या भाकितावर त्याचा पूर्ण विश्वास आहे. म्हणजे हे बोलणं जिवाच्या भीतीने आलेलं नाही. मॅकडफ उलगडा करतो की मला आईचं पोट फाडून काढलं होतं. त्याबरोबर मॅकबेथचं अवसान गळतं, विसरलेली भीती परत येते, आणि तो लढायलाच नकार देतो. मग तुझं चित्र खांबावर लावून तुला विचित्र प्राण्यासारखा लोकांना दाखवू, असं मॅकडफ म्हणतो तेव्हा तो ढाल पुढे धरतो. हरणार हे पक्कं ठाऊक असताना, भीती बाळगून, तो लढतो. पहिल्या अंकात शिपायाने ज्याची कीर्ती सांगितली तो योद्धा आपल्याला लढताना दिसतो, तो थेट या शेवटच्या अंकात.