आंब्याची आणेवारी

[गुलटेकडी, मार्केट यार्ड. पहाट. टेम्पोतून पेट्या उतरताहेत.]

एप्रिल सरत आला की मार्केट यार्डात पहाटे पाचलाही पाय ठेवायला जागा नसते. हमालांची 'बाजू, बाजू' चालू असते, आणि पेंढ्याचा वास आंब्याच्या आधी नाकात शिरतो.

पेटी एकाच मापाची. तिच्यात चार डझन बसले तर आंबा मोठा, सहा डझन बसले तर लहान. म्हणून इथं 'आंबा केवढा आहे' असं कोणी विचारत नाही, 'किती डझनाची' असं विचारतात. आम्ही एक चार डझनाची घेतली, एक सहा डझनाची. अडत्यानं विचारलं, "घरी लग्न आहे का साहेब?" आम्ही म्हणालो, "नाही, प्रोग्रॅम लिहायचाय." त्यावर तो काही बोलला नाही. पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

[कर्वेनगर. आत्याचं घर. फरशीवर वर्तमानपत्रं, पेंढा, आंबे, स्वयंपाकघरातला वजनकाटा.]

४८ आणि ७२. एकूण १२० आंबे. पेटी उघडताना, थर काढताना आमचा कॅमेरा चालू होता. प्रत्येक आंब्याच्या देठाशी स्केचपेनचा एक ठिपका: चार डझनवाल्याला निळा, सहा डझनवाल्याला लाल. मग सगळे एकत्र कालवले आणि एकेक काट्यावर ठेवला. वजनं एका पानावर लिहिली, ठिपके दुसऱ्या. ठिपक्यांचं पान घडी घालून आत्याच्या पोळ्यांच्या डब्याखाली गेलं.

सॉफ्टवेअरला मिळणार फक्त १२० वजनं. त्यानं सांगायचं: यात दोन ढीग मिसळलेत का, प्रत्येकाची सरासरी किती, पसारा (वजनं सरासरीभोवती किती विखुरलीत तो) किती, आणि कुठला ढीग केवढा.

प्रत्येक ढिगातली वजनं घंटेच्या आकाराच्या आलेखात बसतात असं धरायचं. त्या आकाराला गाउस या जर्मन गणितज्ञाचं नाव आहे. असे दोन आलेख एकमेकांवर चढले की जे तयार होतं ते गाउशियन मिश्रण. आता तुम्ही म्हणाल, दोन ढीग असतील तर दोन उंचवटे दिसतीलच की. तसं नाही. दोन्ही ढीग सारखेच मोठे, पसाराही सारखाच असेल, तर सरासऱ्यांमधलं अंतर पसाऱ्याच्या मापाच्या, म्हणजे प्रमाण विचलनाच्या, दुपटीहून जास्त असल्याशिवाय दुसरा उंचवटा दिसतच नाही. डोळ्याला एकच टेकडी दिसते आणि तिच्या पोटात दोन असतात.

अडचण खरी पुढेच आहे. कुठला आंबा कुठल्या ढिगातला हे माहीत असतं, तर सरासरी काढणं हे शाळेतलं गणित. आणि दोन्ही सरासऱ्या माहीत असत्या, तर आंबे वाटून देणंही सोपं. आपल्याला दोन्ही माहीत नाहीत. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. अडत्यानं लग्नाचं विचारलं होतं ते काही अगदीच चुकीचं नव्हतं.

[जुन्या पद्धतीचा रेखाटलेला आलेख. खेकड्याचं चित्र.]

हे कोडं आंब्याच्या आधी खेकड्यांनी घातलं होतं. प्राणिशास्त्रज्ञ वेल्डन यांनी इटलीतल्या नेपल्सहून आलेल्या १००० मादी खेकड्यांची मापं घेतली. त्यातल्या एका मापाचा आलेख एका बाजूला कलंडलेला आला. कार्ल पिअर्सन यांनी १८९४ मध्ये म्हटलं की हे दोन घंटांचं मिश्रण असू शकेल, आणि दोन्ही वेगळ्या करायला ते नवव्या घाताच्या समीकरणापर्यंत जाऊन पोहोचले. नववा घात. हातानं. संगणक नाही, कॅल्क्युलेटर नाही. दहावीत वर्गसमीकरणानं घाम काढलेल्या सगळ्यांनी इथं एक क्षण थांबावं.

सोपी वाट सापडायला बरीच वर्षं गेली, आणि ती एकाच माणसाला सापडली असंही नाही. १९५५ मध्ये जनुकशास्त्रज्ञ ती रक्तगटांसारख्या प्रश्नांसाठी वापरत होते: ए गटाच्या माणसात दोन ए जनुकं आहेत की एक ए आणि एक ओ, हे बाहेरून दिसत नाही, मग त्याला दोन्हींकडे थोडाथोडा मोजायचा. १९७७ मध्ये डेम्पस्टर, लेअर्ड आणि रुबिन या तिघांनी रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात दाखवलं की अशा वेगवेगळ्या युक्त्यांच्या मुळाशी एकच युक्ती आहे. तिला त्यांनी नाव दिलं एक्स्पेक्टेशन-मॅक्सिमायझेशन. तोंडी नाव, ईएम. त्यांच्या सिद्धतेतली एक चूक १९८३ मध्ये वू यांनी दुरुस्त केली. युक्तीला धक्का लागला नाही.

[फरशीवर दोन टोपल्या. मधे एक आंबा.]

युक्ती अशी: आंबा कुठल्या ढिगातला, याचा निकाल द्यायचाच नाही.

आपल्याकडे आणे चलनातून जाऊन साठ वर्षं उलटून गेली, तरी 'सोळा आणे खरं' अजून म्हणतो. शेतातल्या पिकाची आणेवारी काढायचे, तिची कागदोपत्री पैसेवारी झाली, पण गावात शब्द आणेवारीच. वडिलोपार्जित जमिनीत कुणाचा चार आणे हिस्सा, कुणाचा आठ. जमिनीचा तुकडा न पाडता वाटा लिहून ठेवता येतो. ईएम आंब्याचं तेच करतं. इंग्रजी पुस्तकांत या वाट्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ होतो 'जबाबदारी'. आम्हाला आणेवारी बरी वाटते.

समजा, आपण डोळे मिटून एक अंदाज केला. लहान ढिगाची सरासरी २१० ग्रॅम, मोठ्याची ३००. दोन्हींचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन, २० ग्रॅम. वाटा निम्मा-निम्मा. आता काट्यावर २५० ग्रॅमचा आंबा आला. तो पहिल्या सरासरीपासून ४० ग्रॅम लांब, दुसरीपासून ५०. फरक दहाच ग्रॅमचा. पण घंटेचा उतार वर्गाच्या हिशेबानं पडतो, म्हणून सूत्रात आकडे घातले की लहान ढिगाचे बारा आणे निघतात आणि मोठ्याचे चार. २५५ ग्रॅमचा आंबा बरोबर मधोमध, आठ-आठ आणे. २३० ग्रॅमचा जवळजवळ सोळा आणे लहान.

ही झाली पहिली पायरी: आणेवारी काढणं. दुसरी पायरी: त्या आणेवारीनं सरासऱ्या नव्यानं काढणं. समजा लहान ढिगाकडे तीनच आंबे झुकले आहेत, २००, २२० आणि २५० ग्रॅमचे. पहिले दोन पुरते सोळा आणे, तिसरा बारा आणे. मग बेरजेत २०० घ्या, २२० घ्या आणि २५० चे फक्त बारा आणे, म्हणजे १८७.५. एकूण ६०७.५. आणि भागायचं तीननं नाही, पावणेतीननं. उत्तर येतं सुमारे २२१. आपला अंदाज २१० होता, तो अकरा ग्रॅम सरकला. पसारा आणि ढिगाचा वाटाही याच हिशेबानं नवा निघतो.

सरासरी सरकली की आणेवारी बदलते. आणेवारी बदलली की सरासरी. फिरत राहायचं. दर फेरीला या आकड्यांनी आपली वजनं किती पटतात याचं माप, म्हणजे लाइकलीहूड, वाढतं किंवा आहे तिथंच राहतं. कमी कधीच होत नाही. स्वतः प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला याच्याइतका चांगला पहारेकरी नाही: माप घसरलं तर तुमच्या कोडमध्ये चूक आहे, गणिताला दोष देऊ नका.

[लॅपटॉप. काळा पडदा, पांढरे आकडे. बाहेर कुकरची शिट्टी.]

आम्ही पायथनमध्ये चाळीसेक ओळी लिहिल्या. चालल्या. मग हौस म्हणून दोनऐवजी तीन ढीग मागितले, सुरुवातीचे अंदाज मनाला येईल तसे दिले, आणि तिसऱ्या ढिगाचा पसारा फेरीगणिक आक्रसत गेला. पाच ग्रॅम. एक ग्रॅम. मग शून्याच्या इतका जवळ की पडद्यावर नुसती शून्यं. आणि लाइकलीहूड? वाढतंय. आनंदानं वाढतंय.

झालं होतं असं. स्वयंपाकघरातला काटा पूर्ण ग्रॅम दाखवतो, त्यामुळे काही आंब्यांचं वजन अगदी सारखं लिहिलं गेलं. एक घंटा त्या एकाच आकड्यावर जाऊन बसली. तिला रुंदी नको होती, आणि रुंदी शून्याकडे गेली की उंची अनंताकडे जाते. गणिताच्या भाषेत हे सर्वांत उत्तम उत्तर. अशा उत्तराला काय म्हणायचं ते आत्यानं पडद्याकडे बघून सांगितलं: "एकाच आंब्याला कवटाळून बसलाय मेला."

तयार सॉफ्टवेअरमध्ये यावर बांध घातलेला असतो. सायकिट-लर्न ही पायथनमधली लायब्ररी प्रत्येक ढिगाच्या व्हेरियन्समध्ये, म्हणजे प्रमाण विचलनाच्या वर्गात, ०.०००००१ मिळवते. पण हा आकडा कशात? तुमचं एकक असेल त्यात. वजनं किलोत दिलीत तर हा बांध एक ग्रॅम पसाऱ्याइतका ठरतो; ग्रॅममध्ये दिलीत तर ग्रॅमचा हजारावा भाग, म्हणजे नसल्यासारखाच. तेच आंबे, तीच लायब्ररी, आणि केवळ एकक बदललं म्हणून बांध कधी उपयोगी, कधी नावापुरता. याची सूचना कुठल्याही दारावर पाटी लावून दिलेली नाही, आणि तीही पुण्यात.

दुसरी खोड संगणकाच्या आकड्यांची. नुसत्या वजनावर ती जाणवत नाही, पण आंब्याची लांबी, घेर, रंग, गोडी अशी पन्नास मापं घेतलीत की घंटेची उंची इतकी सूक्ष्म होऊ शकते की दशांशचिन्हानंतर चारशे शून्यं. संगणकाला तीनशे आठच्या आसपासच धाप लागते. तीनशे चोवीसच्या पुढचं सगळं त्याला शून्य. दोन्ही ढिगांची उंची शून्य, आणि वाटा काढायला शून्याला शून्यानं भागायचं. पडद्यावर येतं 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नाही', आणि एकदा आलं की ते साथीसारखं पसरतं. म्हणून जाणकार उंच्यांचे लॉगरिदम ठेवतात. उणे १००० आणि उणे १००१ असे लॉग असतील तर आधी दोन्हींतून मोठा वजा करायचा: शून्य आणि उणे एक उरतं. आता आणेवारी सरळ निघते, सुमारे पावणेबारा आणि सव्वाचार आणे.

बाकीच्या खाचाखोचा भराभर सांगतो. ईएम लाइकलीहूडच्या जवळच्या टेकडीवर चढतं, सर्वांत उंच टेकडीवर चढेलच असं नाही. म्हणून वेगवेगळ्या जागांवरून सुरुवात करून बघायची. सायकिट-लर्न न सांगता एकदाच बघतं, दहादा बघ असं सांगावं लागतं. ढीग एकमेकांत जास्त मिसळले असतील तर ईएम गोगलगायीच्या चालीनं जातं, आणि वाढ ठरलेल्या मर्यादेखाली गेली की प्रोग्रॅम थांबतो. थांबला म्हणजे पोहोचला असं नाही. ढीग किती, हे ठरवायला बीआयसी नावाचा निकष आहे, १९७८ सालचा. सायकिट-लर्नमध्ये तो जितका कमी तितका चांगला. आर या संगणकीय भाषेतल्या एम-क्लस्ट लायब्ररीत चिन्ह उलटं आहे, तिथं जितका जास्त तितका चांगला. यात आमचा एक अख्खा शनिवार गेला.

[नळ स्टॉप चौक. सिग्नल. झाडाची पानं हलताहेत.]

हे फक्त आंब्यापुरतं नाही. रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला हलती गाडी आणि हलतं पान यात फरक करायचा असतो. १९९९ मध्ये स्टॉफर आणि ग्रिमसन यांनी त्यासाठी प्रत्येक पिक्सेलमागे तीन ते पाच घंटा ठेवल्या: एक पान आल्यावरच्या रंगाची, एक पान गेल्यावरच्या रंगाची. तिथं पूर्ण ईएम चालवायला वेळ नसतो, धावती आवृत्ती वापरतात.

[पुन्हा कर्वेनगर. संध्याकाळ. आत्या पोळ्यांचा डबा उचलते.]

बांध घातला, वजनं किलोत दिली, दहा ठिकाणांहून सुरुवात केली. बीआयसीनं दोन ढिगांच्या बाजूनं कौल दिला. मग घडी घातलेलं पान उघडलं.

सॉफ्टवेअर ढिगांना नाव देत नाही. 'ढीग शून्य' आणि 'ढीग एक', बस. पुन्हा चालवलं की तीच नावं अदलाबदल होऊ शकतात. कुठला चार डझनाचा हे आपणच लावून घ्यायचं. लावून घेतलं. आठ आण्यांच्या आसपासचे जे आंबे होते त्यात काही निळे निघाले, काही लाल. आठ आणे म्हणजे तेच.

खटकलं ते वेगळंच. निळ्या ठिपक्याचे काही आंबे, म्हणजे चार डझनाच्या महागड्या पेटीतले, जवळजवळ सोळा आणे लहान ढिगात जाऊन बसले होते. आमचा पहिला संशय अर्थातच सॉफ्टवेअरवर. कोड तपासलं. वजनं पुन्हा केली. तीच आली. शेवटी पेटी उघडतानाचं चित्रण लावलं आणि आंबे एकेक करून ओळखत गेलो.

सगळे खालच्या थरातले.

आत्या मागे उभी राहून बघत होती. "अरे, घेताना खालच्या थरात हात घातला नव्हता का?" असं म्हणून तिनं ते आंबे उचलले आणि रसाला घेतले.