नेड क्रिस्टी : ज्यांच्यावर खटला चाललाच नाही

हा फोटो नीट बघा. एक मृतदेह लाकडी फळीला बांधून उभा केलाय. हातात रायफल आहे. प्राण गेल्यावर ती कुणीतरी तिथे ठेवली, कॅमेऱ्यासाठी. नोव्हेंबर 1892, अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातलं फोर्ट स्मिथ हे गाव. प्रेत बघायला माणसांची रीघ लागली होती.

फळीवर बांधलेले हे गृहस्थ म्हणजे नेड क्रिस्टी. सातच वर्षांपूर्वी, 1885 मध्ये, ते चेरोकी या अमेरिकेतल्या मूळनिवासी लोकांच्या राष्ट्राच्या विधिमंडळावर निवडून आले होते. हो, विधिमंडळावर! आजच्या पूर्व ओक्लाहोमात तेव्हा चेरोकींचं स्वतःचं सरकार होतं. तालेक्वा ही राजधानी, स्वतःची न्यायालयं, आपल्याच लिपीतली छपाई. 1838-39 मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांना पूर्वेकडच्या मायभूमीतून हाकलून काढलं, वाटेत हजारो माणसं मेली. जी वाचली, त्यांनी हे सगळं नव्याने उभं केलं. नेड त्यांच्यातल्याच एका लोहाराचे चिरंजीव. स्वतःही लोहारकाम करायचे, बंदुका दुरुस्त करायचे.

4 मे 1887. तालेक्वाजवळ ओढ्याकाठी डॅन मेपल्स या डेप्युटी मार्शलवर, म्हणजे अमेरिकी केंद्र सरकारच्या पोलीस अधिकाऱ्यावर, गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्या रात्री नेडही त्याच परिसरात होते. संशय त्यांच्यावर आला.

खरी मेख पुढे आहे. मरणारा अमेरिकी नागरिक, म्हणून चेरोकी न्यायालयाला हा खटला चालवण्याचा अधिकारच नव्हता. तो जाणार फोर्ट स्मिथला, न्यायमूर्ती आयझॅक पार्कर यांच्यापुढे. पार्कर यांनी आपल्या कारकिर्दीत 160 जणांना फाशी सुनावली, 79 जण प्रत्यक्ष फासावर गेले. नेड यांचं मागणं एवढंच होतं : जामीन द्या, निर्दोष आहे हे सिद्ध करायला वेळ द्या. जामीन नाकारला गेला.

मग ते शरण गेले नाहीत. पण पळूनही गेले नाहीत, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांना ‘फरार’ म्हटलं गेलं, ते साडेपाच वर्षं चेरोकी राष्ट्रातच, वॉहिला या आपल्याच मुलखात राहत होते. 1889 मध्ये मार्शल आले, घर पेटवलं. गोळी चेहऱ्यावर लागली आणि नेड यांचा एक डोळा गेला. बरे झाल्यावर त्यांनी नवं घर बांधलं, ओंडक्यांच्या दुहेरी भिंतींचं.

नोव्हेंबर 1892 मध्ये त्या घरासमोर तोफ आणली गेली. थेट कॅन्ससमधून. एका माणसाला धरायला तोफ! तीसहून अधिक गोळे डागले. ओंडके हलले नाहीत. दारूचा बार वाढवला, तशी तोफच फुटली. शेवटी अंधारात भिंतीशी डायनामाइट लावला. जळत्या घरातून नेड बाहेर आले आणि गोळ्यांनी कोसळले.

वर्तमानपत्रांनी त्यांना कधीच अट्टल दरोडेखोर ठरवून टाकलं होतं. पुढे 1918 मध्ये दुसऱ्याच एका लोहाराची हकिकत छापून आली : मेपल्सला मारताना आपण दुसऱ्याच माणसाला पाहिलं. काही इतिहासकारांना ती पटत नाही. कोर्टात तिची उलटतपासणी झाली नाही. नेड यांच्यावरच्या आरोपाची तरी कुठे झाली?

फोटो काढून झाल्यावर प्रेत घरच्यांना दिलं गेलं. ते त्यांनी वॉहिलाला नेलं आणि आपल्या माणसांशेजारी पुरलं.