भेग की तास?

(दृश्य : अजिंठा, लेणे क्रमांक १. दारातून आत येणारा उजेड.)

बाहेरच्या रखरखीत उन्हातून या लेण्यात शिरलं की आधी नुसता अंधार. डोळे सरावतात, भिंत हळूहळू उजळते आणि पद्मपाणीचा झुकलेला चेहरा दिसू लागतो. चित्रापुढे थांबावं लागतं, हा धडा मराठवाड्याच्या उशाशीच आहे.

इथे निदान जातककथा सोबतीला असतात. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांपुढे तीही सोबत नाही. बहुतेकांना नावच नाही. रोलर आणि पॅलेट नाइफने चढवलेले, खरवडलेले रंगांचे थर. खालचा रंग वरच्यातून झिरपतो. मोबाइलच्या स्क्रीनवर हे सगळं सपाट होतं, म्हणून मूळ चित्र गाठायचं. गावात कला महाविद्यालयाचं वार्षिक प्रदर्शन लागलं, तर तेही चुकवू नये.

(दृश्य : छत्रपती संभाजीनगर, प्रदर्शनाचं दालन. मातकट कॅनव्हास, त्यावर काळ्या रेघा.)

पाटी शेवटी वाचा. आधी आठ-दहा फुटांवरून अख्खं चित्र, मग हातभर अंतरावरून. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एका कलाकृतीपुढे लोक सरासरी २७ सेकंद थांबले होते. तुम्ही पाच मिनिटं द्या.

१९७२च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेला माणूस इथे म्हणणारच, ही भेगाळलेली काळी जमीन. म्हणू द्या. कलाकृती एकटा कलावंत पुरी करत नाही, पाहणाराही त्यात भर घालतो, असं फ्रेंच कलावंत मार्सेल द्यूशाँ यांनी १९५७ साली ह्यूस्टनच्या व्याख्यानात मांडलं होतं. घोटाळा होतो तो पुढे. अर्थ सापडला की पाहणं थांबतं.

म्हणून तो अर्थ चित्रावर ठेवून तपासायचा. भेगा असतील, तर वरचा ओलसर निळा पट्टा कुठे बसतो?

(दृश्य : रेघ, अगदी जवळून. बाजूने पडलेला उजेड.)

आता दोन पावलं बाजूला सरका. उजेड पृष्ठभागावरून तिरपा येतो आणि रेघेच्या दोन्ही काठांना रंगाचा बारीक वरंबा दिसतो. सुरीने ओला रंग बाजूला सारला की असा वरंबा उठतो. भेगेच्या काठाला माती चढत नाही. ती चढते नांगराच्या तासाला.

म्हणजे हे नांगरलेलं रान, आणि वर भरून आलेलं आभाळ? निळा पट्टा आता जागेवर बसला.

उजव्या कोपऱ्यातला तांबडा ठिपका मात्र अजून कशातच बसत नाही. पुन्हा दहा फूट मागे.