हेझलनट वेचणाऱ्या मुली

रानातल्या गवतावर दोन मुली निवांत पसरल्यात. पाय अनवाणी, एकीच्या हातात नुकतेच वेचलेले हेझलनट. चित्र १८८२ सालचं, चित्रकार विल्यम-अदोल्फ बूगरो. जरा जवळून बघू. गालांवरची लाली, बोटांच्या पेरांवरची गुलाबी छटा. ब्रशचा फटकारा कुठे सापडतोय? नाही सापडत. तो दिसला, तर काम अपुरं राहिलं, असं फ्रेंच अकादमीच्या, म्हणजे तिथल्या अधिकृत कलासंस्थेच्या, शिस्तीत मानत.

बूगरो ला रोशेलचा. पश्चिम फ्रान्समधलं हे बंदर. जन्म १८२५चा. साधारण बाराव्या वर्षी घरच्यांनी त्याला मोर्तान्य गावी काकांकडे पाठवलं. काका धर्मगुरू. पुस्तकांची आणि निसर्गाची गोडी त्याला लागली ती या काकांमुळे. पुढे बोर्दोमध्ये चित्रकला शिकताना त्याने जॅमच्या बरण्यांवरची लेबलं रंगवून चार पैसे मिळवले. मग काकांच्या ओळखीने आसपासच्या लोकांची व्यक्तिचित्रं केली आणि त्या कमाईवर पॅरिस गाठलं. १८५० मध्ये प्री द रोम हा मानाचा पुरस्कार मिळाला आणि इटलीत राहून जुन्या उस्तादांची चित्रं अभ्यासायची संधी चालून आली.

आता बूगरोची रेखाटनं बघा, कारण खरी मेहनत इथे आहे. आधी कागदावर छोटा कच्चा आराखडा: कोण कुठे बसेल, हात कुठे येईल. मग रंगसंगती ठरवायला झटपट केलेलं लहानसं तैलचित्र. त्यानंतर मॉडेल समोर बसवून डोकं, हात, कपड्यांच्या चुण्या, प्रत्येकाचा वेगळा अभ्यास. झाडापानांचाही वेगळा. हे सगळं जुळवून चित्राच्याच मापाचं रेखाटन, ते कॅनव्हासवर उतरवायचं आणि मग रंगाचे थर. एका तळहातामागे एवढी तयारी! लहान मूल पाच मिनिटं एका जागी टिकत नाही, हे घरात मूल असलेल्या कुणालाही ठाऊक आहे. तरी या मुलींचा निवांतपणा कुठेही ओढूनताणून आणलेला वाटत नाही.

बूगरोच्या दुसऱ्या चित्रांतही अशी मुलं भेटतात: हा धनगर मुलीचा चेहरा, ही फुटक्या घागरीशेजारी बसलेली पोर. शेतकऱ्यांची मुलं इतकी स्वच्छ असतात का, हा आक्षेप बूगरोवर कायम घेतला गेला. आक्षेपात तथ्य आहे. शेतातल्या कष्टांची धूळ या चित्रांत नाही. पण गोडगोड म्हणून मोकळं होण्याआधी या डोळ्यांकडे बघावं. समोरून रोखून बघणारी ही मुलं कुणाची करमणूक करायला बसलेली नाहीत.

बूगरोच्या पाच मुलांपैकी चार त्याच्या डोळ्यांदेखत गेली. १८७७ मध्ये पत्नीही गेली.

१९०५ मध्ये बूगरो ला रोशेललाच वारला. पुढे आधुनिक चित्रकलेच्या लाटेत त्याचं नाव मागे पडलं. १९८४ मध्ये पॅरिस, मॉन्ट्रियल आणि हार्टफर्डमध्ये त्याचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा कुठे त्याच्याकडे पुन्हा नीट बघितलं जाऊ लागलं. हेझलनट वेचणाऱ्या मुली मात्र १९५४ पासून अमेरिकेतल्या डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स या संग्रहालयात आहेत, आणि तिथल्या प्रेक्षकांचं हे एक लाडकं चित्र आहे.