दोन डोंगर आणि विसरलेली पेंढी

(दृश्य: नाब्लस शहर, दोन्ही बाजूंना डोंगर)

वेस्ट बँकेतलं हे नाब्लस. उत्तरेला एबाल डोंगर, सुमारे ९४० मीटर उंचीचा. दक्षिणेला गरिज्जीम, त्याहून थोडा बुटका. बायबलमधलं शखेम याच खोऱ्यात होतं.

इस्राएल लोकांचा पुढारी मोशे याची आज्ञा होती, की देवाने देऊ केलेल्या देशात पोहोचल्यावर इस्राएलाच्या सहा वंशांनी गरिज्जीमवर उभं राहायचं, आशीर्वादासाठी; उरलेल्या सहांनी एबालवर, शापासाठी. मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याने ती पाळली. मध्ये कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्यांची पेटी ठेवली, दोन्हीकडे लोक उभे केले आणि नियमशास्त्र मोठ्याने वाचलं. ऐकायला बायका होत्या, मुलं होती, त्यांच्यात राहणारे परदेशीही होते.

वेदी मात्र बांधली ती शापाच्या डोंगरावर, एबालवर. लोखंडी हत्यार न लागलेल्या धोंड्यांची. अर्पणही तिथेच, आणि देवासमोर जेवून आनंद करायचा तोही तिथेच. शोमरोनी (समॅरिटन) लोकांच्या, म्हणजे मोशेचं नियमशास्त्र मानणाऱ्या इथल्या एका छोट्या समाजाच्या पोथीत मात्र या जागी गरिज्जीमचं नाव आहे. वल्हांडण, म्हणजे मिसरातल्या गुलामीतून झालेल्या सुटकेचा सण, ते आजही गरिज्जीमवरच पाळतात.

(दृश्य: डोंगरउतारावरची शेतं)

आज्ञा पाळली तर मिळणार काय? बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात ते सांगितलंय, आणि सगळं घरादारातलं आहे. पोटची मुलं, शेताचं पीक, गुराढोरांची वीण, धान्याची टोपली, पीठ मळायचं भांडं. वेळेवर पाऊस. कर्ज देशील, पण काढणार नाहीस. मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, नदीचं पाणी शेताला देता येत होतं. या डोंगराळ मुलुखात सगळी भिस्त आभाळावर. कोरडवाहू शेती करणाऱ्याला या यादीतल्या पावसाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

आशीर्वादाची वचनं चौदा, आणि पुढे शापांची चोपन्न. प्रवचनांत बहुधा पहिली चौदाच ऐकू येतात.

पण आज्ञा पाळायची म्हणजे नेमकं करायचं काय? त्यासाठी एक अध्याय मागे जायला हवं. तिथे बारा शाप आहेत आणि प्रत्येकावर सगळ्या लोकांनी ‘आमेन’ म्हणायचं आहे. शेजाऱ्याच्या शेताची हद्द सरकवणारा शापित. आंधळ्याला वाट चुकवणारा शापित. परका, अनाथ आणि विधवा यांचा न्याय बिघडवणारा शापित. गुपचूप मूर्ती उभारणारा, शेजाऱ्यावर लपून वार करणारा, तेही शापित. यातली बरीचशी कृत्यं साक्षीदाराशिवाय होतात. बांध रात्री कोरला तर पंचायतीपुढे सिद्ध करणार कोण? म्हणून ‘आमेन’ आधीच, सगळ्यांदेखत, ज्याच्या त्याच्या तोंडून वदवून घेतलंय.

(दृश्य: कापणी झालेलं सातूचं शेत)

आशीर्वादाची सर्वांत सरळ अट मात्र या दोन अध्यायांत नाही. ती अनुवादाच्या २४व्या अध्यायात आहे, कापणीच्या नियमांत. एखादी पेंढी शेतात विसरलास तर ती आणायला परत जाऊ नको. ती परक्याची, अनाथाची, विधवेची. म्हणजे तुझ्या हातच्या सगळ्या कामाला देव आशीर्वाद देईल. जैतुनाचं झाड एकदा झोडपलं की पुन्हा झोडपायचं नाही. द्राक्षमळ्यातही दुसरी फेरी मारायची नाही. मालकाने आज्ञा पाळली की टोपली आधी भरते ती दुसऱ्याचीच.

बायबलमधल्या रूथच्या गोष्टीत, बेथलेहेमच्या बवाज नावाच्या मालकाच्या शेतात हेच झालं. शेतात येताच तो कापणी करणाऱ्यांना म्हणतो, परमेश्वर तुमच्याबरोबर असो. ते त्याला उलट आशीर्वाद देतात. त्यांच्यामागे सरवा वेचत होती रूथ: विधवा, आणि वर मवाबी, म्हणजे परकी. नियमाने तिला वेचू देणं पुरेसं होतं. बवाजाने गड्यांना सांगितलं, तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम थोडं काढून टाका आणि तिला धमकावू नका. आज्ञेत एवढं लिहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी रूथने वेचलेलं झोडलं. सुमारे एक एफा सातू निघाले, आपल्या हिशेबाने वीस लिटरच्या आसपास. तेवढं घेऊन ती सासूकडे, नामीकडे गेली. नामीने ते पाहिलं आणि ज्याने तुझ्याकडे लक्ष दिलं त्याचं भलं होवो म्हणाली. बवाजाचं नाव तिने त्यानंतर ऐकलं.

पुढे रूथ आणि बवाज यांचं लग्न झालं. त्यांचा मुलगा ओबेद, ओबेदाचा इशाय, आणि इशायाचा दावीद राजा.